क्लॅरिनेटच्या नळीत कापड ठेवून द्यायचं का?

वाजवून झाल्यावर पुसायचं कापड नळीतच ठेवलं तर उरलेली ओल ते शोषून घेतं, असं अनेक वर्षं सांगितलं जातं. होतं उलटंच. ओलं कापड लाकडाला चिकटून राहतं आणि पॅडजवळ, म्हणजे छिद्रं झाकणाऱ्या छोट्या गाद्यांजवळ, ओल टिकवून धरतं. आतली हवा कोरडी होत नाही. पॅड फुगतात, मग छिद्रांतून हवा गळते आणि स्वर बिघडतात. ग्रेनाडिलाचं (क्लॅरिनेट ज्याचं बनवतात ते कठीण, काळं) लाकूड आतून ओलं, बाहेरून कोरडं राहिलं तर त्याला चीरही पडू शकते. पेटीत कापड ठेवायचंच तर वेगळ्या कप्प्यात, तेही वाळवून.

पुसताना आधी रीड (माउथपीसवरची वेताची पातळ पट्टी) काढा, वाद्य सुटं करा. कापड पूर्ण उलगडून, त्याच्या दोरीला बांधलेलं वजन रुंद टोकाकडून आत सोडा आणि हळू ओढा. वाद्याच्या वरच्या भागात रजिस्टर कीची (वरच्या पट्टीतले स्वर काढायच्या कळीची) बारीक नळी आत डोकावते. घडी पडलेलं कापड तिथेच अडकतं. अडकलंच तर हिसका देऊ नका, आल्या वाटेने मागे ओढा. तरी सुटलं नाही तर दुरुस्तीवाल्याकडे न्या. सळई खुपसून नळी खराब करणारे कमी नाहीत! सांध्यांत साचलेलं पाणीही टिपा.

माउथपीस, म्हणजे तोंडात धरायचा भाग, कोमट पाण्यानेच धुवा. गरम पाण्याने एबोनाइटचा (माउथपीसच्या कडक रबराचा) रंग उडतो.