खान म्हणजे मुसलमान? चंगेझच्या बाबतीत तरी नाही
नावात खान आहे म्हणजे चंगेझ खान मुसलमानच, हा फॉरवर्ड अजून फिरतोय. अहो, ते त्याचं आडनाव नाही, तुर्क-मंगोल टोळ्यांच्या प्रमुखाची पदवी आहे ती, इस्लामच्या आधीपासूनची. त्याचं मूळ नाव तेमुजिन आणि तो मानायचा तेंगरीला, म्हणजे निळ्या आभाळाला. उलट १२१९ मध्ये तो चालून गेला तोच मध्य आशियातल्या ख्वारझम राज्याच्या मुसलमान शाहवर, बुखारा-समरकंदची पार वाट लावली. पुढे नातू हुलागूने १२५८ ला बगदाद घेऊन खलिफालाच मारलं, तेही म्हणे गालिच्यात गुंडाळून घोड्यांखाली तुडवून, कारण राजाचं रक्त जमिनीवर सांडायचं नाही (केवढी ती काळजी!). दुसरा नातू कुबलाई, त्याने तर चीनमध्ये हलालवरच बंदी आणली, कारण मंगोल पद्धत म्हणजे जनावराचा गळा चिरायचा नाही, छातीला चीर देऊन आत हात घालून मारायचं. त्याचे वंशज मुसलमान झाले ते नंतर, आधी रशियाकडचा नातू बर्के, मग इराणात हुलागूचा पणतू गझन, १२९५ ला, म्हणजे चंगेझ मरून ६८ वर्षं झाल्यावर.