प्रोसेसरचे द्रवशीतन

डेस्कटॉप संगणकाच्या प्रोसेसरमध्ये निर्माण होणारी उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या द्रवामार्फत बाहेर नेण्याच्या पद्धतीला द्रवशीतन म्हणतात. रोजच्या बोलण्यात ते ‘लिक्विड कूलिंग’ किंवा ‘वॉटर कूलिंग’. जुना एअर कूलर (प्रोसेसरवर बसवलेला धातूच्या पट्ट्यांचा आणि पंख्याचा संच) काढून त्या जागी असा संच बसवणे हा हौसेने संगणक जुळवणाऱ्यांचा आवडता बदल आहे.

द्रव उष्णता नाहीशी करत नाही, ती उचलून दुसरीकडे नेतो. प्रोसेसरवर दाबून बसवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याच्या आत अतिशय बारीक खाचा असतात. पंप त्यांतून द्रव ढकलतो, तापलेला द्रव नळीने रेडिएटरमध्ये जातो, तिथे पंखे त्याची उष्णता हवेला देतात आणि निवलेला द्रव परत फिरतो. शेवटी थंड करते ती हवाच, त्यामुळे संच कितीही महागडा असला तरी प्रोसेसर खोलीच्या तापमानाखाली जात नाही. गंमत अशी, की एअर कूलरच्या तांब्याच्या नलिकांतही बहुधा किंचित पाणी असतेच. ते तळाशी उकळते, वाफ पट्ट्यांकडे जाऊन पुन्हा पाणी होते आणि नलिकेच्या सच्छिद्र अस्तरातून पुन्हा खाली झिरपते.

खरा फरक जागेचा आहे. एका अंशाने तापताना पाणी तेवढ्याच आकारमानाच्या हवेपेक्षा सुमारे साडेतीन हजार पट उष्णता सामावून घेते. त्यामुळे बोटाएवढ्या नळीतूनही ती कॅबिनेटच्या कडेपर्यंत नेता येते आणि धातूच्या पट्ट्यांचा सगळा पसारा प्रोसेसरच्या डोक्यावर टांगून ठेवावा लागत नाही. शिवाय द्रव तापायला वेळ लागतो. एखादी मोठी फाइल उघडताना प्रोसेसर क्षणभर भडकला तरी पंखे लगेच ओरडू लागत नाहीत. मात्र त्यासाठी पंख्यांचा वेग प्रोसेसरच्या तापमानाऐवजी, सोय असेल तर, द्रवाच्या तापमानाला जोडावा. बरेच जण हे करत नाहीत आणि मग आवाजाची तक्रार करतात.

ही कल्पना मोठ्या संगणकांकडून आली. आयबीएमच्या १९८० सालच्या ३०८१ या यंत्रात चिपांचे संच पाण्याने थंड केले जात, तर १९८५ च्या क्रे-२ मध्ये सगळी सर्किटेच वीज न वाहणाऱ्या द्रवात बुडवलेली होती. २००४ मध्ये ॲपलने पॉवर मॅक जी५ च्या २.५ गिगाहर्ट्‌झच्या मॉडेलात द्रवशीतन दिले. आज बहुतेक लोक घेतात तो कारखान्यातच भरून सील केलेला ‘ऑल इन वन’ संच. पंप, टाकी, नळ्या वेगवेगळ्या घेऊन स्वतः जोडण्याची ‘कस्टम लूप’ पद्धतही आहे. ती सुंदर दिसते, पण सतत निगा मागते.

बदल करावा का, हे प्रोसेसर किती वॅट खातो यावर ठरवावे. ६५ वॅटच्या प्रोसेसरला साधा एअर कूलर पुरतो, तिथे द्रवशीतनावर खर्च करणे व्यर्थ. एएमडीचा रायझेन ९ ७९५०एक्स २३० वॅटपर्यंत आणि इंटेलचा कोअर आय९-१३९००के २५३ वॅटपर्यंत वीज घेऊ शकतो, अशा ठिकाणी मोठा रेडिएटर उपयोगी पडतो. पट्ट्यांचे दोन मनोरे असलेला चांगला एअर कूलर दोन पंख्यांच्या २४० मिमी रेडिएटरच्या आसपास काम करतो. फरक ठळक दिसतो तो तीन पंख्यांच्या ३६० मिमीपासून, आणि तोही भार बराच वेळ टिकला तर.

खरेदीआधी कॅबिनेट मोजावे. रेडिएटर साधारण २७ मिमी आणि पंखा २५ मिमी जाड, म्हणजे ५२ मिमी मोकळी जागा हवी. छताला लावताना हा थर मदरबोर्डच्या उंच रॅमला अडतो.

जुना कूलर गार असताना ओढून काढू नये. प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये उष्णता नीट जावी म्हणून लावलेली थर्मल पेस्ट वाळली की डिंकासारखी धरते आणि एएमडीच्या एएम४ सॉकेटमधला (मदरबोर्डवरच्या खोबणीतला) प्रोसेसर कूलरला चिकटून पिनांसह उपटून येऊ शकतो. संगणक काही मिनिटे चालवून पेस्ट मऊ करावी, बंद करून वीज तोडावी आणि कूलर हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवावा. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून नवी लावावी. नव्या ठोकळ्याच्या तळाला प्लॅस्टिकची पातळ फिल्म असेल तर ती आठवणीने काढावी. ती राहिली की तापमान झपाट्याने चढते आणि कारण लवकर सापडत नाही. स्क्रू समोरासमोरचे आलटून-पालटून, थोडे थोडे आवळावेत. रेडिएटरला संचासोबत आलेलेच स्क्रू वापरावेत, कारण जास्त लांब स्क्रू आतल्या वाहिनीला भोक पाडतो.

रेडिएटर कुठे लावतो, यालाही महत्त्व आहे. बंद संचातही थोडी हवा असते आणि ती सर्वांत उंच जागी जमते. पंप सर्वांत उंच राहिला तर हवा त्याच्यात शिरते, गुळगुळ आवाज येतो आणि पंप लवकर झिजतो. रेडिएटरचा वरचा भाग पंपापेक्षा उंच असला की हवा तिथेच राहते. पंपाची वायर मदरबोर्डवरच्या पंपासाठीच्या जोडणीत लावून वेग पूर्ण ठेवावा. सीपीयू फॅनची जोडणी रिकामी राहिली तर अनेक मदरबोर्ड सुरू होतानाच त्रुटी दाखवतात.

गळतीची भीती सर्वांना वाटते, पण सीलबंद संचात ती क्वचितच होते. पंप बंद पडणे हा अधिक खरा धोका आहे. मग ठोकळ्यातला द्रव जागीच तापतो, प्रोसेसर स्वतःचा वेग घटवतो आणि तरीही भागले नाही तर संगणक बंद होतो. एअर कूलरचा पंखा प्रोसेसरभोवतीच्या वीज-नियामक भागांवरही वारा घालत असे. तो गेल्यावर ते भाग तापतात, म्हणून कॅबिनेटमध्ये हवा खेळती ठेवावी लागते. वर्षानुवर्षे रबरी नळ्यांच्या भिंतीतून द्रव अगदी थोडा थोडा उडून जातो. बहुतेक सीलबंद संचांत तो पुन्हा भरता येत नाही, त्यामुळे काही वर्षांनी अख्खा संचच बदलावा लागतो. एअर कूलरचा मात्र पंखा तेवढा बदलला की भागते.