एसआय सांध्याचा ‘नॉर्मल’ आकडा: पार्श्वभूमी

निरोगी माणसाच्या बोन स्कॅनमध्येही (किरणोत्सारी द्रव्य टोचून घेतलेल्या हाडांच्या चित्रात) एसआय, म्हणजे त्रिकास्थी (मणक्याच्या तळाचे हाड) आणि नितंबाचे हाड यांच्यातले सॅक्रोइलियक सांधे शेजारच्या हाडापेक्षा गडद दिसतात. त्यामुळे गडदपणा किती झाला की आजार (अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे या सांध्यांचा आणि मणक्याचा दाह) म्हणायचा, हा प्रश्न जुना आहे. स्ट्रॉन्शियम-85 हे किरणोत्सारी द्रव्य टोचायच्या काळात तो विचारण्यातही अर्थ नव्हता. त्याचे अर्धायुष्य सुमारे 65 दिवसांचे, म्हणून डोस बेताचा आणि चित्र धूसर. 1971 मध्ये टेक्निशियम-99एम हे दुसरे किरणोत्सारी द्रव्य फॉस्फेट संयुगांना जोडता आले, काही वर्षांत एमडीपी हे हाडात साठणारे संयुग आले आणि गॅमा कॅमेऱ्यावर सांधे नीट उमटू लागले. पण दोन्ही बाजूंना सारखाच दाह असेल, तर नुसत्या नजरेने काय ठरवणार?

यावर उपाय म्हणून गुणोत्तर आले. इंजेक्शननंतर साधारण तीन तासांनी पाठीमागून चित्र घ्यायचे, सांध्यावर एक चौकट आखायची, त्रिकास्थीवर दुसरी, आणि दर पिक्सेलमागच्या काउंट्सचा (नोंदलेल्या किरणांच्या संख्येचा) भागाकार करायचा. छेदस्थानी त्रिकास्थी घेण्याचा हा निर्णय सोयीचा होता: चित्र तेच, डोस तोच, मूत्रपिंडांच्या कामातला फरकही बराचसा आपोआप वजा होतो. पण त्रिकास्थी हा त्याच सांध्याचा एक भाग आहे. समजा, सांध्यावर 90 आणि त्रिकास्थीवर 75 काउंट्स आहेत, गुणोत्तर 1.2. दाहामुळे सांधा 108 वर गेला आणि त्रिकास्थीही 90 वर, तरी उत्तर 1.2 च. आजार वाढला, आकडा हलला नाही. कमरेचा मणका छेदात घ्यावा, तर स्पॉन्डिलायटिसमध्ये मणकेही सुटत नाहीत. या निवडीची जितकी कसून तपासणी व्हायला हवी होती, तितकी झाली नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

त्यात चौकटीचा वाद. सांध्यांवरून आडवी पट्टी आखून तिच्यातला सर्वांत मोठा आकडा मोजला तर आकडा जास्त येतो, सांध्याच्या कडेने चौकट आखून सरासरी घेतली तर कमी. म्हणून एका विभागाची ‘नॉर्मल’ मर्यादा दुसरीकडे लावता येत नाही. शिवाय तरुणपणी अपटेक (हाडाने द्रव्य शोषणे) मुळातच जास्त, आणि हा आजार सुरू होतो तोही बहुधा त्याच वयात.

हा आजार ठरवण्याच्या 1984 च्या सुधारित निकषांनी एक्स-रेच धरून ठेवला. 2008 च्या एका आढाव्यात बोन स्कॅनने आजार आधीच पक्का ठरलेल्या रुग्णांपैकी जेमतेम निम्मेच ओळखल्याचे दिसले. 2009 च्या वर्गीकरणात एक्स-रेशेजारी एमआरआय आला, बोन स्कॅन नाही. एमआरआयमध्ये अस्थिमज्जेतली सूज किरणोत्साराशिवाय दिसत असताना हे योग्यच झाले. स्पेक्ट-सीटीने (बोन स्कॅन आणि सीटी यांच्या त्रिमितीय जोडचित्राने) आता सांध्याचा पुढचा आणि मागचा भाग वेगळा मोजता येतो. छेदात काय घ्यायचे, हे मात्र तिथेही आधी ठरवावे लागते.