कांडी संपली की माग थांबतो

भाच्याने परवा सोलापूरच्या नवी पेठेतून ग्राफिक्स कार्डांच्या, म्हणजे संगणकात खेळांची चित्रं रंगवणाऱ्या कार्डांच्या, दोन खोक्यांचे फोटो पाठवले आणि खाली प्रश्न टाकला: "मामा, ह्यातलं कुठलं घिऊ? दुकानदार म्हणायलाय, पहिल्यात ३८४० कोअर हैत, दुसऱ्यात २०४८च. म्हंजे पहिलंच की?"

पहिलं होतं एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०६०, ८ जीबी मेमरीचं. दुसरं एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी, १६ जीबीचं. दोन्ही कार्डं २०२५च्या मे-जूनमध्ये पाठोपाठ बाजारात आली. अमेरिकेतल्या जाहीर किमती होत्या २९९ आणि ३४९ डॉलर. आपल्याकडे भाव सारखे हलतात, म्हणून रुपयांत लिहीत बसत नाही. फरक असा असतो की आईकडे मागताना आवाज थोडा खाली येतो, एवढं समजा.

दुकानदाराचे आकडे बरोबर आहेत, हिशेब चुकला. कोअर म्हणजे चिपमधला आकडेमोड करणारा छोटा भाग, आणि दोन्ही कंपन्यांची त्याची व्याख्याच वेगळी आहे. शिवाय एएमडीचं कार्ड ३.१ गिगाहर्ट्झच्या आसपास पळतं, एनव्हिडियाचं २.५च्या. टॉवेलचे माग आणि चादरीचे माग एकत्र मोजून कुणाचा कारखाना मोठा हे ठरवावं, तसं हे झालं.

मागांचा विषय निघालाच आहे तर तिथेच थांबू. माझं लहानपण अशोक चौकाच्या मागच्या बाजूला, यंत्रमागांच्या खडखडाटात गेलं. मागावर धोटा इकडून तिकडे पळतो. त्याच्या पोटात आडव्या सुताची कांडी असते. ती रिकामी झाली की माग थांबतो. मग मागवाला शेजारच्या टोपलीतून भरलेली कांडी उचलतो, धोट्यात बसवतो आणि माग परत सुरू करतो. टोपली हाताशी आणि भरलेली असेल तर खोळंबा चार-पाच सेकंदांचा. टोपलीच रिकामी असेल आणि पोऱ्याला सायकलवरून गोदामात पिटाळावं लागलं, तर मग कितीही मागांची शेड असो, सगळे चहा पीत बसतात.

ग्राफिक्स कार्डाचं पोट हुबेहूब असंच आहे. चिपच्या आत थोडीशी, फार वेगवान कॅश मेमरी असते. ९०६० एक्सटीमध्ये ती ३२ एमबी आहे. ही धोट्यातली कांडी. चिपच्या भोवती सोल्डर केलेली ८ किंवा १६ जीबीची व्हीरॅम, म्हणजे कार्डाची स्वतःची मेमरी, ही मागाशेजारची टोपली. संगणकाची मुख्य रॅम म्हणजे गोदाम. आणि मदरबोर्डवरचा पीसीआय एक्स्प्रेसचा स्लॉट? तो सायकलवरचा पोऱ्या.

आता वेग बघू. दोन्ही कार्डांत चिप आणि व्हीरॅम यांच्यामधला रस्ता १२८ बिटांचा, म्हणजे १२८ तारा समजा. एनव्हिडियाने नवी जीडीडीआर७ मेमरी वापरली, तिची प्रत्येक तार सेकंदाला २८ गिगाबिट वाहते. १२८ गुणिले २८, भागिले ८: सेकंदाला ४४८ जीबी. एएमडीची जीडीडीआर६ मेमरी २० गिगाबिटांची, म्हणजे ३२० जीबी. इथे एनव्हिडिया सरळ पुढे आहे, त्यात वाद नाही.

पण टोपली केवढी?

खेळात सेकंदाला ६० फ्रेम, म्हणजे ६० चित्रं, हव्यात तर एका फ्रेमला १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्या वेळात ५०६० आपल्या व्हीरॅममधून साधारण साडेसात जीबी वाचू शकतं, ९०६० एक्सटी सव्वापाच. दोन्ही आकडे भरपूर आहेत. हवी ती गोष्ट टोपलीत नसेल तर मात्र ती गोदामातून आणावी लागते. भाच्याचा मदरबोर्ड बी४५०चा, त्यावर रायझन ५ ३६०० प्रोसेसर. हा बोर्ड पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीचा, आणि ५०६० कार्ड स्लॉटच्या १६ पैकी ८च लेन, म्हणजे डेटाच्या वाटा, वापरतं. तिसऱ्या पिढीच्या ८ लेन म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ जीबी. एका फ्रेमच्या वेळात १३० एमबी! कुठे साडेसात जीबी आणि कुठे १३० एमबी. ९०६० एक्सटी सगळ्या १६ लेन वापरतं, त्यामुळे त्याच जुन्या बोर्डावर त्याच्या पोऱ्याकडे निदान दोन सायकली आहेत. ही गोष्ट खोक्यावर ठळक अक्षरात कुणी छापत नाही. नव्या, पाचव्या पिढीच्या बोर्डावर हा फरक जवळपास जाणवत नाही. जुन्या बोर्डावर नवं कार्ड बसवणाऱ्याला तो नेमका छळतो.

"मॉनिटर साधा १०८०पी आहे, ८ जीबी पुरे," हे वाक्य तुम्हीही ऐकलं असेल. करून बघू हिशेब. १९२० गुणिले १०८० म्हणजे २०,७३,६०० पिक्सेल. प्रत्येकी ४ बाइट धरले तर पडद्यावरचं अख्खं चित्र मेमरीत ८ एमबी खातं, फक्त! एक फ्रेम रंगवताना अशी डझनावारी अधलीमधली चित्रं लागतात, तरी काहीशे एमबीत भागतं. जागा खातात ते टेक्श्चर, म्हणजे भिंतींवर, झाडांवर, माणसांच्या कपड्यांवर चढवलेली चित्रं. ४०९६ गुणिले ४०९६चं एक टेक्श्चर दाबून-दुमडून, पिक्सेलला एक बाइट इतकं लहान केलं तरी १६ एमबीचं. लांबून दिसण्यासाठी त्याच्या छोट्या छोट्या प्रती सोबत ठेवाव्या लागतात, त्या धरून २१. आणि एका विटांच्या भिंतीला एक टेक्श्चर पुरत नाही: रंगाचं वेगळं, उंचसखलपणाचं वेगळं, चकाकीचं वेगळं. ८ जीबीमध्ये दुसरं काहीच ठेवलं नाही तरी अशी ३९०च्या आसपास टेक्श्चर मावतात. एक चौक, चार गल्ल्या, थोडी गर्दी, की टोपली भरली. मॉनिटर कुठलाही असो.

भरल्यावर काय होतं ते भाच्याच्या मित्राच्या खोलीत बघितलं. त्याचं कार्ड ८ जीबीचं, टेक्श्चर 'अल्ट्रा'वर. गाडी भरधाव वळणावर आली आणि समोरची इमारत चिखलाने सारवल्यासारखी दिसली. दोनेक सेकंदांनी विटा उमटल्या. पुढच्या वळणावर चित्र क्षणभर गोठलं आणि गाडी खांबावर. कोपऱ्यातला फ्रेमचा आकडा मात्र ६० दाखवत होता, आणि तो खोटंही बोलत नव्हता. एका सेकंदात ५९ फ्रेम साडेतेरा मिलिसेकंदांच्या आल्या आणि एकच २०० मिलिसेकंदांची, तरी सरासरी ६०च येते. आपल्या डोळ्याला सरासरी कळत नाही, हिसका कळतो. म्हणून कुठल्याही चाचणीत सरासरीच्या शेजारी 'एक टक्का लो' नावाचा आकडा असतो तो आधी बघावा. सर्वांत वाईट एक टक्का फ्रेम कशा गेल्या, ते त्यात दिसतं.

डीएलएसएस आणि एफएसआरचं थोडक्यात. कार्ड कमी पिक्सेल रंगवतं आणि शिकवलेलं न्यूरल नेटवर्क उरलेले भरतं. एनव्हिडियाचं डीएलएसएस जास्त खेळांत मिळतं. एएमडीचं एफएसआर ४ चांगलं आहे, पण खेळांची यादी लहान. फ्रेम जनरेशन म्हणजे दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये बनवलेल्या फ्रेम घालणं. मधली बनवायची तर पुढची खरी फ्रेम हाताशी असावी लागते, म्हणजे ती थोडी अडवून धरावी लागते. त्यामुळे आकडा दुप्पट दिसला तरी माउसला प्रतिसाद दुप्पट जलद मिळत नाही, उलट किंचित उशिरा मिळतो. वर त्यालाही व्हीरॅम लागतेच. जाहिरातीतल्या आलेखांच्या उंच खांबांकडे या नजरेने बघा.

राहिला आपला उन्हाळा. ५०६० जास्तीत जास्त १४५ वॅट घेतं, १६ जीबीचं ९०६० एक्सटी १६०. पंधरा वॅटचा फरक, रोज चार तास खेळलं तर महिन्याला पावणेदोन युनिट. त्यावरून कार्ड निवडू नका. पण कार्डाचे सगळे वॅट शेवटी उष्णता होऊन खोलीतच येतात, आणि प्रोसेसर धरून अडीचशे-तीनशे वॅट म्हणजे त्या खोलीत अडीच-तीन माणसं जास्तीची बसल्यासारखं. पंखा चिपला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. २५ अंशांच्या खोलीत ६५ वर राहणारं कार्ड मे महिन्यात पत्र्याखालच्या ४० अंशांच्या खोलीत ८० वर जातं. त्यात आपल्याकडे हवेत सूत उडत असतं. भाच्याला कॅबिनेट उघडायला लावलं, तर जुन्या जीटीएक्स १६५०च्या पंख्यामागे करड्या कापसाची गादीच तयार झालेली. ते जुनं कार्ड स्लॉटमधून मिळणाऱ्या ७५ वॅटवर भागवायचं. नव्या दोघांनाही वेगळी ८ पिनची वायर लागते. म्हणून संगणकाला वीज पुरवणारा डबा, एसएमपीएस, बघितला. वायर होती.

फक्त व्हॅलोरंटसारखे हलके खेळ खेळणाऱ्याला, किंवा बोर्ड नवा असणाऱ्याला, मी स्वस्तातलं ५०६० घे म्हटलं असतं. कॉलेजच्या प्रोजेक्टला कुडा, म्हणजे कार्डावर आकडेमोड करून घ्यायची एनव्हिडियाची स्वतःची प्रणाली, लागत असेल तर एनव्हिडियाशिवाय इलाज नाही. भाच्याचं तसं नाही. जुना बोर्ड, मोठे मोठे खेळ, आणि पुढची चार-पाच वर्षं दुसरं कार्ड मिळायचं नाही, हे त्याच्या आईने आधीच सांगून ठेवलंय. त्याला म्हटलं, १६ जीबीचं घे.

"पण मामा, कोअर कमी हैत की."

"मॉनिटरच्या मागं किती हर्ट्झ लिहिलंय ते बघ."

७५ निघाले. मग खेळाच्या सेटिंगमध्ये फ्रेमची मर्यादा ७५ वर बांधायची. पडदा सेकंदाला ७५ वेळाच बदलतो, कार्डाने १२० फ्रेम रंगवल्या तरी वरच्या ४५ उष्णतेपुरत्याच. मर्यादा घातली की हलक्या खेळात कार्ड निवांत चालतं, पंख्याचा आवाज उतरतो, दुपारी खोलीत बसवतं.

दुसऱ्या दिवशी आणखी एक फोटो आला. १६ जीबीचं खोकं, आणि शेजारी जुन्या कार्डातून निघालेला लिंबाएवढा कापसाचा बोळा.