डिजिटल चिकटवहीची व्यावसायिक छपाई

छायाचित्रे, जुनी तिकिटे, पत्रिका, नक्षी आणि मजकूर यांची संगणकावर मांडणी करून तयार केलेली आठवणींची पाने फोटो लॅबमधून किंवा छापखान्यातून कागदावर उतरवून घेणे, म्हणजे डिजिटल चिकटवहीची व्यावसायिक छपाई होय. डिंकाने चिकटवलेल्या वहीचेच हे संगणकीय रूप असून, त्यात कागदाचा पोत, चिकटपट्टी आणि फोटोखालची सावली हे सर्व चित्ररूपच असते. ही पाने बहुधा छपाईयंत्रावर बिघडत नाहीत. ती त्याआधीच, मांडणी करताना बिघडलेली असतात. म्हणून छपाईचा विचार पहिले चित्र पानावर ठेवण्यापूर्वी करावा लागतो.

या छंदाचे रूढ माप १२ × १२ इंच हे अमेरिकी अल्बमवरून आले आहे. आपल्याकडच्या लॅबचे मुख्य काम लग्नाच्या अल्बमचे असल्याने तेथे १२ × १८ इंचाचे पान आणि १२ × ३६ इंचाची जोडशीट अधिक रुळलेली आहे. नाशिकमध्ये चौरस पान हवे असेल, तर ते १२ × १८ इंचाच्या कागदावर छापून कापून घेणे सोयीचे ठरते. उरणाऱ्या ६ × १२ इंचाच्या पट्टीत ४ × ६ इंचाचे तीन फोटो नेमके बसतात, हा हिशेब फाइल देतानाच केला तर कागद वाया जात नाही. लग्नसराईत लॅबवर कामाचा ताण असतो, त्यामुळे घरगुती वहीचे काम शक्यतो त्या दिवसांत नेऊ नये.

उत्तम छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल धरतात. म्हणजे १२ इंची चौरस पानाला ३६०० × ३६०० पिक्सेल लागतात. इंचाला २०० पर्यंत काम भागते, पण त्याखाली डोळ्यांच्या कडा आणि केस पसरट दिसू लागतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला फोटो लहान होऊन येतो. असा १६०० पिक्सेल रुंदीचा फोटो पानभर ताणला, तर इंचाला जेमतेम १३३ पिक्सेल उरतात. म्हणून नातेवाइकांकडून फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणूनच मागवावेत. कटिंगमध्ये थोडा फरक पडतोच, यासाठी पार्श्वभूमी चारही बाजूंनी सुमारे ३ मिलिमीटर बाहेर वाढवतात (यालाच ब्लीड म्हणतात) आणि चेहरे व अक्षरे कडेपासून किमान पाव इंच आत ठेवतात.

छपाईच्या दोन पद्धती मुख्य आहेत. फोटो लॅबमध्ये प्रकाशसंवेदी कागदावर लेसरने चित्र उमटवून तो रसायनांतून काढतात. त्यात शाईचे ठिपके नसतात आणि फाइल आरजीबी (लाल, हिरवा आणि निळा यांच्या मिश्रणातून रंग दाखवणारी, पडद्यावरची पद्धत), त्यातही एसआरजीबी (तिचाच प्रमाणित प्रकार), रंगपद्धतीत द्यावी लागते. डिजिटल प्रेसवर निळा, किरमिजी, पिवळा आणि काळा अशा चार रंगांच्या ठिपक्यांतून चित्र बनते, पान दोन्ही बाजूंनी छापता येते आणि त्याचे पुस्तक बांधता येते. पडद्यावरचे काही भडक रंग या चार शायांच्या आवाक्याबाहेर असतात. नाशिकच्या रंगपंचमीतील रहाडीचे (रंगाच्या पाण्याने भरलेल्या जुन्या हौदाचे) फोटो किंवा येवल्याच्या पैठणीचा मोरपंखी काठ प्रेसवर मळकट दिसतो, याचे कारण बहुतेक वेळा हेच असते. ज्यांना रंग शक्य तितका पडद्यासारखा हवा, त्यांनी अशी पाने फोटो पेपरवर छापावीत, असे सुचवावेसे वाटते.

नाशिकला छपाईची ओळख जुनी आहे. टपाल तिकिटे छापणारा भारत प्रतिभूती मुद्रणालय हा कारखाना नाशिक रोडला १९२५ पासून चालत आला आहे, तर त्र्यंबकेश्वरला १८७० मध्ये जन्मलेले दादासाहेब फाळके चित्रपटांकडे वळण्यापूर्वी छायाचित्रण आणि मुद्रण हेच व्यवसाय करीत होते.

लॅबमध्ये फाइल देताना एक गोष्ट स्पष्ट सांगावी, ती म्हणजे ‘कलर करेक्शन करू नका’. यंत्र किंवा ऑपरेटर संपूर्ण पान हा एकच फोटो समजून दुरुस्ती करतो आणि मग पानाची पिवळसर पार्श्वभूमी पांढरी करण्याच्या नादात आजीचा चेहरा निळसर होतो. पडदा फार प्रखर ठेवून काम केले असेल, तर छापील पान अंधारलेले येते आणि फोटोंखालच्या सावल्या काळ्या पट्ट्यांसारख्या दिसतात. सगळी वही छापण्याआधी एकच पान नमुन्यादाखल काढून ते दिवसाच्या उजेडात पाहावे. हा खर्च टाळू नये.

मराठी मजकुराला वेगळी काळजी लागते. काही संपादन-प्रणालींत भारतीय लिपींसाठीची सोय चालू नसेल, तर ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते आणि ‘नाशिक’चे ‘नाशकि’ होते; जोडाक्षरेही सुटी पडतात. घरी नीट दिसणारी फाइल लॅबच्या संगणकावर तो फॉन्ट नसल्यामुळे बिघडते, म्हणून सर्व थर (एकावर एक ठेवलेली चित्रे व मजकूर) एकत्र करून उच्च प्रतीची जेपीईजी द्यावी आणि थरांची मूळ फाइल आपल्यापाशी राखावी. जेपीईजी पुन्हा पुन्हा उघडून जतन केल्यास तिची प्रत घसरते. दुरुस्ती नेहमी मूळ फाइलमध्येच करावी.

पुस्तकाऐवजी सुटी पाने ठेवायची असतील, तर पीव्हीसीची पाकिटे टाळून पॉलिप्रॉपिलीनची घ्यावीत. चकचकीत फोटो पेपर दमट हवेत एकमेकांना चिकटतो, म्हणून पाने पाकिटाविना ठेवायची झाल्यास पावसाळ्यापूर्वी दोन पानांमध्ये आम्लविरहित पातळ कागद घालतात.