सुरीच्या मुठीचा रंग वरून मारलेला नसतो हो!

रंगीत पट्ट्यापट्ट्यांची लाकडी मूठ दिसली की कोणीतरी सांगतंच, वरून रंग आणि रेझिनचा (राळेसारखा चिकट द्रव, वाळला की कडक होतो) हात मारलाय, घासलं की आत साधं लाकूड. किती वर्षं ऐकतोय हे. अहो, मूठ कापून बघा ना एकदा, आतपर्यंत तोच रंग असतो.

कारण सुरुवात ठोकळ्यापासून होतच नाही. दीड मिलिमीटर किंवा त्याहून पातळ व्हिनियर, म्हणजे लाकडाचे पातळ पापुद्रे, घेतात, बहुतेक वेळा बर्च झाडाचं, ते आरपार रंगवून वाळवतात. मग फिनॉलिक रेझिनमध्ये मुरवतात, आणि खरी मेख इथेच आहे, ब्रशने लावलं तर रेझिन वरच बसतं, म्हणून व्हॅक्यूमने लाकडातली हवा काढायची आणि मग प्रेशर द्यायचं, म्हणजे रेझिन थेट पेशींमध्ये घुसतं. नंतर थरांवर थर रचून गरम प्रेसमध्ये दाबतात, साधारण १३०-१५० अंश सेल्सिअसला रेझिन कायमचं कडक होतं आणि लाकूडही दबून दाट होतं. चांगला दाबलेला तुकडा पाण्यात टाकला तर चक्क बुडतो!

अमेरिकेत मॅडिसनच्या फॉरेस्ट प्रॉडक्ट्स लॅबोरेटरीत असलं लाकूड कित्येक दशकांपूर्वीच 'कॉम्प्रेग' नावाने बनवलं होतं, म्हणजे हे काही कालचं फॅड नाही.

ओरखडा पडला तर सँडपेपर मारून बफिंग करा, चमक परत येते, वार्निश लागत नाही. पण पूर्ण वॉटरप्रूफ म्हणाल तर तसंही नाही, डिशवॉशरमध्ये रोज टाकलीत तर कधीतरी थर सुटतील.