शरण जाणं आणि हात टेकणं: 'देवाची इच्छा' म्हणताना होणारी गल्लत

संकटात 'देवाची इच्छा' एवढंच म्हणून गप्प बसणाऱ्याला आपल्या ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये लगेच विश्वासात खंबीर ठरवलं जातं. जो रडतो, 'का?' म्हणून विचारतो, तेच तेच मागत राहतो, त्याला मात्र बाजूला घेऊन समजावलं जातं की बाबा रे, देव सार्वभौम आहे, त्याच्यावर भरवसा ठेव. पवित्र शास्त्र नीट वाचलं तर बहुतेक वेळा या दुसऱ्या माणसाचाच भरवसा खरा दिसतो. शोकसभेत आणि आजाऱ्याच्या उशाशी ही गल्लत इतकी कानांवर पडते की एकदा सविस्तर लिहिणं भाग आहे.

देवाचं सार्वभौमत्व, म्हणजे सगळं त्याच्या सत्तेखाली असणं, वाचकाला ठाऊक आहे, तेव्हा त्यावर थोडक्यात. एक चिमणीही पित्यावाचून जमिनीवर पडत नाही (मत्तय १०:२९). पदरात टाकलेल्या चिठ्ठीचा निकालही परमेश्वराकडून असतो (नीतिसूत्रे १६:३३). नशिबाला कान नाहीत आणि देव पिता आहे, एवढ्यात दैववादाचा मुद्दा संपतो. प्रत्येक संकट पापाची शिक्षा नसतं, हे येशूने जन्मांधाच्या बाबतीत स्पष्ट सांगितलं (योहान ९:३). यांवर उपदेश पुष्कळ झाले आहेत.

अडचण येते ती शरण जाणं आणि हात टेकणं वेगळं ओळखण्यात. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात, कारण दोघांच्याही तोंडी 'देव करील ते खरं' हेच असतं. पण शरण गेलेला माणूस देवाशी अजून बोलत असतो, आणि हात टेकलेल्याने बोलणं थांबवलेलं असतं.

जुन्या करारातल्या एली याजकाचं उदाहरण घ्या. त्याची मुलं, हफनी आणि फिनहास, लोकांच्या अर्पणांतलं मांस त्रिशूळी काट्याने हवं तसं काढून घेत, नाही दिलं तर जबरदस्ती करत, आणि दर्शनमंडपाच्या दाराशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी कुकर्म करत. एका देवमाणसाने येऊन एलीला इशारा दिला. पुढे एलीच्या हाताखाली सेवा करणाऱ्या लहानग्या शमुवेलाकडून दुसऱ्यांदा तोच निरोप आला: तुझ्या घराण्याचा न्याय होणार, कारण मुलं काय करताहेत हे माहीत असून तू त्यांना आवरलं नाहीस. त्यावर एली म्हणाला की तो परमेश्वर आहे, त्याला बरं दिसेल ते तो करो (१ शमुवेल ३:१८).

हे उत्तर नम्रतेचा आदर्श म्हणून वाखाणलेलं मी ऐकलं आहे. मला ते पटत नाही. वाक्यात चूक शोधून सापडणार नाही, पण त्यानंतर एली काय करतो ते पाहा. तो उपास करत नाही, मुलांना वेदीपासून दूर करत नाही, दयेची एक विनंतीही करत नाही. ज्या ढिलाईबद्दल न्याय आला, तीच ढिलाई आता देवाच्या नावाखाली चालू राहते.

आता दावीद राजा. त्याच्यावरचा निकालही ठरलेला होता. नाथान संदेष्ट्याने तोंडावर सांगितलं होतं की परस्त्रीपासून झालेलं हे मूल मरेल. पापही दावीदाचंच होतं. गप्प बसायला यापेक्षा भक्कम कारण कोणतं असणार? तरी तो उपास करतो आणि रात्रभर जमिनीवर पडून राहतो. घरातली वडीलधारी माणसं उठवायला येतात, तो उठत नाही, त्यांच्याबरोबर जेवत नाही. सातव्या दिवशी मूल जातं. चाकरांना सांगायचं धाडस होत नाही, ते आपसात कुजबुजतात, आणि त्या कुजबुजीवरूनच दावीद ओळखतो. मग तो उठतो, अंघोळ करतो, कपडे बदलतो, परमेश्वराच्या घरात जाऊन नमन करतो, आणि घरी येऊन जेवण मागतो. चाकर चक्रावून जातात. तो सांगतो की मूल जिवंत होतं तोवर मी उपास केला आणि रडलो, कारण म्हटलं, कोण जाणे, परमेश्वर माझ्यावर कृपा करील आणि मूल वाचेल (२ शमुवेल १२:२२).

'कोण जाणे'. संदेष्ट्याने निकाल सांगितल्यावरही दावीद असं म्हणू शकतो, कारण निकाल देणारा कोण आहे हे त्याला माहीत आहे. निनवेच्या राजानेही हेच म्हटलं (योना ३:९). योना संदेष्ट्याने तर निनवेच्या नाशाला चाळीस दिवसांची मुदत सांगितली होती, अट एकही घातली नव्हती. यिर्मया १८:७-८ मध्ये देव स्वतःच सांगतो की एखाद्या राष्ट्राच्या नाशाबद्दल मी बोललो आणि ते वाईटापासून वळलं, तर मीही अरिष्ट आणणार नाही. म्हणजे न्यायाची घोषणासुद्धा विनंती करायला बोलावणारी असू शकते. एलीला ते बोलावणं ऐकूच आलं नाही.

दावीदाची विनंती मान्य झाली नाही, हेही लक्षात घ्या. मागितलं ते मिळालं, यावरून भरवसा मोजायचा झाला तर दावीद नापास होईल. पण त्याने पूर्ण ताकदीने मागितलं, आणि नकार आल्यावर तो त्याच देवासमोर नमला. आधी इतकं मागितलं होतं म्हणून त्या नमनाला वजन आहे.

यहूदाचा राजा हिज्कीया याच्या आयुष्यात तर दोन्ही प्रकार शेजारीशेजारी सापडतात. यशया ३८ मध्ये त्याला निरोप येतो की तू मरणार. तो भिंतीकडे तोंड करून ढसाढसा रडतो, प्रार्थना करतो, आणि त्याला पंधरा वर्षं वाढवून मिळतात. पुढच्याच अध्यायात त्याला कळतं की राजवाड्यातलं सगळं बाबेलला नेलं जाईल आणि त्याच्या वंशजांना तिथे चाकरी करावी लागेल. तेव्हा तो म्हणतो, परमेश्वराचं वचन चांगलं आहे. का, तर माझ्या दिवसांत शांती राहील! स्वतःच्या दुखण्यासाठी रडलेला माणूस पोराबाळांच्या बंदिवासावर एक अश्रूही ढाळत नाही. 'वचन चांगलं आहे' हे तोंडात शोभतं, पण ते दुसऱ्याच्या दुःखाविषयी निवांत होण्याचा मार्गही ठरू शकतं.

त्याच ३८व्या अध्यायात एक ओळ आहे, तीवर कुणी बोलत नाही याचं मला फार वाईट वाटतं. पंधरा वर्षांचं वचन मिळालेलं असतानाही यशया संदेष्टा सांगतो की अंजिरांची ढेप आणून गळवावर बांधा. औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं आजाऱ्याला सांगणाऱ्यांनी ही ओळ पाठ करावी. असल्या बोलण्याने उपचार थांबतात आणि माणसं दगावतात.

कैदी म्हणून रोमला नेल्या जाणाऱ्या प्रेषित पौलाच्या, वादळात सापडलेल्या जहाजावरही हेच दिसतं (प्रेषितांची कृत्ये २७). जहाजावर २७६ माणसं, कित्येक दिवस सूर्य नाही की तारे नाहीत. देवाचा दूत पौलाला सांगतो की तुझ्याबरोबरच्या सगळ्यांचे प्राण देवाने तुला दिले आहेत. वचन पक्कं. पण चौदाव्या रात्री खलाशी जहाजाच्या पुढच्या टोकाकडून नांगर टाकायचं निमित्त करून होडी पाण्यात सोडतात आणि पळायला बघतात. पौल शताधिपतीला बजावतो की हे लोक जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. देवाने वाचवायचं ठरवलंय तर खलाशी गेले तरी काय बिघडतं, असं पौल म्हणत नाही. सगळे वाचतील हे देवाने ठरवलं, आणि ते खलाशांच्या हातून घडेल हेही त्यानेच ठरवलं. १६४६ च्या वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीत, म्हणजे प्रोटेस्टंट विश्वासाच्या एका जुन्या लेखी जाहीरनाम्यात, हे नेमकं मांडलं आहे: देवाच्या संकल्पामुळे दुय्यम कारणं (माणसांचे प्रयत्न, औषधं यांसारखी) रद्द होत नाहीत, उलट पक्की होतात.

आणखी दोन वचनं आहेत, जी अर्धीच वापरली जातात. 'परमेश्वराने दिले, परमेश्वराने नेले' हे मुलंबाळं आणि मालमत्ता गमावलेल्या ईयोबाचे शब्द त्याच्या पुस्तकाच्या पहिल्या अध्यायात आहेत आणि पुस्तक बेचाळीस अध्यायांचं आहे. तिसऱ्याच अध्यायात ईयोब आपल्या जन्मदिवसाला शाप देतो, पुढे देवाकडे जाब मागतो. देव त्याला वादळातून खडसावतो हे खरं, पण शेवटी कोप येतो तो देवाची बाजू घेऊन व्यवस्थित बोलणाऱ्या मित्रांवर. माझा सेवक ईयोब माझ्याविषयी यथार्थ बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं देव म्हणतो (४२:७).

दुसरं रोमकरांस ८:२८. सर्व गोष्टी मिळून कल्याणकारक होतात, असं पौल लिहितो. प्रत्येक गोष्ट चांगली आहे, असं तो कुठेही लिहीत नाही. योसेफानेही आपल्याला गुलाम म्हणून विकणाऱ्या भावांना 'तुम्ही केलं ते चांगलंच झालं' म्हटलं नाही. तुम्ही वाईट योजलं, देवाने त्यातून चांगलं योजलं, असं तो म्हणाला (उत्पत्ती ५०:२०). वाईटाला वाईट म्हणायचं त्याने सोडलं नाही. नुकतंच मूल गमावलेल्या आईला 'देवाने चांगल्यासाठीच नेलं' असं कृपा करून सांगू नका. मेलेल्या लाजराला उठवायला निघालेला येशू, पुढे काय होणार हे माहीत असूनही, कबरेकडे जाताना रडला. स्तोत्र ८८ अंधारातच संपतं, आणि तरीही ते प्रार्थना म्हणून शास्त्रात आहे.

आता प्रार्थनेच्या क्रमाविषयी, कारण माझा आग्रह तिथेच आहे. आपण बरेचदा 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' इथून सुरुवात करतो आणि तिथेच थांबतो. काही मागितलंच नाही, तर नकाराचं दुःखही नाही. अटक होण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने आधी मागितलं: होईल तर हा (दुःखाचा) प्याला माझ्यावरून टळून जावो. मग 'तथापि माझ्या नव्हे, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो'. आणि हे एकदाच नाही, तीनदा. त्याच्यापेक्षा जास्त शरण गेलेला कुणी नाही, आणि त्याने नेमकं काय हवंय ते नाव घेऊन मागितलं. म्हणून आजाऱ्यासाठी प्रार्थना करताना आधी 'ताप उतरू दे', 'ही गाठ जाऊ दे' असं स्पष्ट म्हणा आणि 'तथापि' त्यानंतर येऊ द्या.

देवाला सगळं आधीच ठाऊक आहे तर सांगायचं कशाला, असं विचारणारे असतात. तुमच्या गरजा मागण्याआधीच पित्याला माहीत आहेत, हे येशूनेच मत्तय ६:८ मध्ये सांगितलं आहे. तिथून तीन वचनांनंतर, अकराव्या वचनात, तो शिष्यांना रोजची भाकर मागायला शिकवतो.